डोक्यावर चुंबक

३ जून
दुकान उघडलं. तेवढंच. भिंग डोळ्याला लावलं आणि तासभर घड्याळाच्या एकाच स्क्रूकडे बघत बसले. उचलवला नाही. डिप्रेशनची चौथी गोळी सुरू होऊन चार महिने झाले — फरक शून्य.

५ जून
निवृत्त मास्तर दीड वर्षापूर्वी टाकलेलं घड्याळ न्यायला आले. झालेलंच नव्हतं! मी सबब शोधत होते, तर म्हणाले, "राहू द्या. मीही असाच बसून राहायचो." गोळ्या लागू पडेनात तेव्हा त्यांनी म्हणे डोक्याला चुंबकाचे ठोके घेतले. भूल नाही, काही नाही. खुर्चीत बसायचं आणि घरी यायचं. "सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. मला आला." दवाखान्याचा नंबर लिहून दिला.

चुंबक! वीस वर्षं गिऱ्हाइकांच्या कानीकपाळी ओरडतेय, घड्याळ स्पीकरजवळ ठेवू नका, चुंबकानं बिघडतं. आणि आता माझंच डोकं त्याखाली?

भाऊ बाहेरगावी नोकरीला, घरात मी आणि वहिनी दोघीच. तिला चिठ्ठी दाखवली. "ताई, उद्याच जाऊ!"

१६ जून
सगळ्या तपासण्या झाल्या, आज पहिला दिवस. कानात बोळे, कपाळाच्या डाव्या बाजूला जाडजूड चकती. आधी जागा शोधली — टक् केलं की उजवा अंगठा आपोआप उडायचा! मग वीस मिनिटं टकटकटक. दात शिवशिवले, डोकं ठणकलं. सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार. वहिनी रोज अर्धी रजा टाकून स्कूटरवरून नेणार. तिच्या साहेबाचं तोंड आत्ताच वाकडं झालंय.

२० जून
दर शुक्रवारी फॉर्म. झोप, भूक, रडू, जगणं नकोसं वाटतं का — शून्य ते तीन, तीन म्हणजे सगळ्यांत वाईट. खरं लिहायचं तर सगळीकडे तीन. पण वहिनी शेजारी आशेनं बघत बसलेली. मी सगळीकडे एक टाकला. डॉक्टर खूश. पायऱ्या उतरताना वहिनीनं माझा हात घट्ट धरला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२७ जून
पुन्हा खोटं. या वेळी दोन शून्यही.

९ जुलै
सकाळी वहिनीचं "आवरा, आवरा" चाललं होतं. खेकसले तिच्यावर. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझं मला कळतं!" वर दार आपटलं. जी माझ्यापायी ऑफिसात बोलणी खाते तिच्यावरच! कृतघ्न आहे मी.

१८ जुलै
डॉक्टर म्हणाले, "उत्तम! पुढच्या शुक्रवारी संपवू. गोळ्याही कमी करत आणू." माझ्याच आकड्यांवर विसंबून बोलत होते ना!

दुकानात आले. जुन्या कामाचं एक घड्याळ अजून स्टँडवर लटकतंय, शेजारी माझी वही. रोज किती सेकंद पुढे, किती मागे — सहा दिवस टिपल्याशिवाय मी कुणाचं घड्याळ परत दिलेलं नाही. गिऱ्हाइकानं कितीही घाई करू दे. आणि स्वतःचे आकडे बिनदिक्कत खोटे लिहिले! लाज वाटली. भीतीही.

२१ जुलै
सांगून टाकलं. डॉक्टरांसमोर, वहिनीसमोर. "सगळे फॉर्म खोटे आहेत." डॉक्टर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बरं झालं बोललात. पण मागच्या पाच आठवड्यांचं खरं काय, ते कसं कळणार?"

वहिनीनं पर्समधून वही काढली. "माझ्याकडे आहे. शुक्रवारपर्यंत तुमची वाट बघणार होते, ताई. नाहीतर मीच देणार होते." मला तिच्याकडे बघवेना.

२२ जुलै
ठोके इतक्यात थांबवायचे नाहीत, गोळ्याही आहेत तशाच.

वहिनीची वही वाचली. माझ्या दुकानातल्या वहीसारख्याच रेघा, रोजची एक ओळ. "ताई जेवल्या नाहीत." "ताई बोलल्या नाहीत." पानंच्या पानं तेच. मग —

"९ जुलै. ताई माझ्यावर खेकसल्या. दारसुद्धा आपटलं! तीन वर्षांनी घरात ताईंचा आवाज ऐकला."