खिडकीतला बोळा

३ जुलै
संपाचा सातवा महिना. खोलीत सहा जण होतो, तिघे गावाला गेले. बाबा पण. जाताना म्हणाले, "तुझी चाकरी तरी सांभाळ, बाबू." गिरणीत बदली कामगार होतो, आता गिरगावात प्रयोगशाळेत शिपाई. परळहून चालत.

५ जुलै
प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या शुभदाबाईंना आज विचारलंच, दिवसभर मोजता काय? हसल्या. "ही पांढरी पावडर आहे ना सदा, झिओलाइट, ही चाळच समज. डोळ्यांना न दिसणाऱ्या खोल्या. खोलीत मॉलिब्डेनम धातूचा एक कण, त्याला धरून गॅसचे सहा कण. तापवलं की तीन पळतात, तीन भिंत धरून बसतात. किती वेळात पळतात, गॅस सोडला की किती वेळात परततात, एवढंच माझं काम."
आमच्याच खोलीची गोष्ट. आमचे कधी परततील ते...
गॅस म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. विषारी, वास नाही. गॅस बाहेर ओढणारं धुराडं कधीचं बिघडलंय. उरलेला गॅस रबरी नळीने खिडकीबाहेर.

९ जुलै
पावडर हवेतलं पाणी पिते. वजन जमेना, बाई रडकुंडीला. विणखात्यात वाऱ्याने धागा तुटू नये म्हणून आम्ही खिडक्या बंद करून फटी बुजवायचो. तेच केलं. खिडकी ओढली, नळीभोवती चिंध्यांचा बोळा गच्च ठोकला. वजन जमलं! "गिरणीवाले हुशार हो!" दिवसभर तरंगत होतो.

१४ जुलै
बाईंचं डोकं दुखतंय. आकडेही विचित्र. "अरे, पळालेले इतक्या लवकर परत कसे येतायत?" प्रयोगशाळेचे प्रमुख सर दारातूनच बोलून गेले, "प्रयोग जमत नसेल तर लग्न करा." माझंही डोकं जड. उपाशी होतो, त्यानेच असेल.

१७ जुलै
दुपारी बाई वहीवर डोकं टेकून. हाक मारली, दोनदा. नाहीच. उचलून गॅलरीत आणलं. गाल लालबुंद, बघणाऱ्याला वाटावं तब्येत झकास. दवाखान्यात नेलं त्यांना.
परत येऊन गॅसचा बाटला बंद केला. खिडकीशी गेलो. नळी चेपलेली, माझ्याच बोळ्याने. मागचा सांधा निसटलेला. म्हणजे आठ दिवस गॅस आतच.
बोळा काढून खिशात घातला. कोणी पाहिलं नाही.

१९ जुलै
बाई शुद्धीवर. बोलतात, मध्येच शब्द विसरतात. मला म्हणाल्या, "सदा, माझंच काही चुकलं का रे?" मी पाणी दिलं.
सरांनी कागद तयार ठेवलाय. शुभदाबाईंचा निष्काळजीपणा, संशोधनातून नाव काढून टाकावं. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. "वाचायला येतं ना? कर सही." म्हटलं, उद्या.

२० जुलै
सर यायच्या आधी आलो. खिडकी सताड उघडली. पिऊ दे पावडरला पाणी.
टेबलावर कागद, त्यावर पेन. चाकरी सांभाळ, बाबू. बोळा खिशातून काढून कागदावर ठेवला. परत उचलला. हाताला अजून रबराचा वास.
जिन्यात सरांचे बूट वाजतायत. बोळा परत कागदावर ठेवला, सहीच्या जागी.