बारा जागांची पेटी

२ तारीख, सोमवार
लागली एकदाची नोकरी! वळणापाशी खोली, खुर्ची, पंखा, आणि भिंतीत गुरगुरणारी पेटी. वळणापलीकडे काय आहे ते पेटी येणाऱ्या गाड्यांना सांगते. पण एका वेळी बाराच गाड्या तिला झेपतात. माझंही तसंच, तिसरं काम सांगितलं की डोकं फिरतं. जागा न मिळालेली गाडी वळणावर आंधळी. म्हणून तेरावी आली की बझर वाजतो, आणि पेटीच्या पडद्यावर जी उभी दिसेल ती मी बटण दाबून काढायची. आधी मात्र ड्रायव्हरला फोन करून विचारायचं, गाडी बाजूला लावली आहे का. इंजिनीयरने तीनदा बजावलं, मावशी, विचारल्याशिवाय बटण दाबू नका. म्हटलं, चौथी शिकलेय, बहिरी नाही.

५ तारीख, गुरुवार
धाकटी बहीण शाळेची गाडी चालवते. रोज सव्वाआठला पडद्यावर तिचा ४१ नंबर येतो. खिडकीतून हात करते, पोरंही करतात.

९ तारीख, सोमवार
धुकं. बझर कोकलत होता. २७ नंबर केव्हाची हलेना. फोन कोण करत बसतंय? काढली.
ती ऐन वळणावर बंद पडली होती. पेटी बाकीच्यांना तिच्यापासून जपत होती. मागून आलेल्या ट्रकला ती कळलीच नाही, आदळला. २७चा ड्रायव्हर म्हातारा होता. जागीच गेला.
कामाच्या वहीत लिहिलं, गाडी पडद्यावरून आपोआप गेली. इंजिनीयर म्हणाला, मावशी, तुमचा काय दोष? मान वर होईना.

१० तारीख
२७ परत पडद्यावर. उभी. वळण तर मोकळं. फोन लावला. इंडिकेटरची टिकटिक, मग म्हाताऱ्याचा आवाज. आत्ता विचारतेस होय, म्हणाला.

११ तारीख
काढली की दोन होतात. इंजिनीयरला त्याच्याकडच्या पडद्यावर काहीच दिसत नाही. विचारत होता, कुठली गाडी मावशी? सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. काही नाही म्हटलं. थू माझ्यावर.

१२ तारीख
सात जागा २७च्या. तरी गप्प.

१३ तारीख
धुकं. सव्वाआठ वाजले. बाराही २७. बझर — तेरावी ४१. पोरं आहेत आत —
धाकटीला फोन लावला. टिकटिक.
आता इंजिनीयरला. लिहितेय तेच वाचून दाखवते, नाहीतर जीभ उचलणार नाही. मी काढली. न विचारता. खोटं लिहिलं. पेटी बंद करा, रस्ता अडवा —
टिकटिक. इथेही तोच. विचारतोय, नियमाने, ४१ बाजूला लावली आहे का.
नाही, धावतेय ती, बाबा, पाया पडते, काढू न—