कट्यारीची परवानगी

शिंदे घाट, वाराणसी
९ नोव्हेंबर २०२५

ती. सुमेधावन्संना मुक्ताचा वाकून नमस्कार. उत्तराची घाई आहे.

खूप वर्षांपूर्वी एका सकाळी दूध उतरवून मी गच्चीवर सांडगे घातले, माकडं हाकायला शार्दूलला काठी देऊन बसवलं आणि खाली आले, तर हे आमच्या लग्नातली कट्यार तेलाने पुसत होते. म्हणाले, त्याच्या लग्नात हीच त्याला द्यायची. शार्दूल तेव्हा सहा वर्षांचा. आता तेवीस तारखेला बोहल्यावर चढतोय आणि हे नाहीत. असो, रडायला हे पत्र नाही.

अडचण वेगळीच आहे. दशाश्वमेधच्या धर्मशाळेपर्यंत नवरदेवाची मिरवणूक पायी जाणार. पण सणाच्या गर्दीमुळे महिनाअखेरपर्यंत घाटांवर आणि गल्ल्यांत चाकू-सुरा बाळगायला बंदी आहे, असा कागद चौकीबाहेर लागलाय. शार्दूल म्हणतो, टोकाला लिंबू खोचलेल्या कट्यारीला कोण भिणार? शिपायाला आधी लिंबू दिसेल की पातं, तुम्हीच सांगा. अडकित्ता चालेल का?

खुब्याच्या दुखण्यातही आमच्यावर लोभ असू द्या.
— मुक्ता

ग्वाल्हेर
१४ नोव्हेंबर

चि. मुक्ताला सुमेधाचे आशीर्वाद, आणि थोडा राग.

अडकित्ता? नवरदेव लग्नाला निघालाय की पान खायला? भाऊ म्हणाला तसंच व्हायला हवं. चौथीत शाळा सुटली तरी तू पुड्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाहीस. मग कायदा का नाही वाचलास? वाच आणि चौकीत जा. मला फोनवर ऐकू येत नाही, सगळं लिहून कळव. अंथरुणात पडून नुसती चरफडतेय.

माया आहे तशीच आहे.
— सुमेधा

वाराणसी
२६ नोव्हेंबर

ती. वन्संना मुक्ताचा नमस्कार.

शेजारच्या वकिलांकडून पुस्तक आणून वाचलं. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर परवाना लागतो. टेपने मोजलं. आपलं सव्वासात, रुंदी दीड! बावीसला टेप घेऊनच चौकीत गेले. दरोगाजी हसून म्हणाले, माताजी, दूल्ह्याला छुरा काहे, दुल्हनचा इतका डर? मी म्हटलं, नजर लागू नये म्हणून. मग त्यांनी समजावलं, लांबीचा कायदा वेगळा, सणाचा हुकूम वेगळा. त्यात लहान पातंही चालत नाही. मी हललेच नाही. शेवटी त्यांनी अर्जावर लिहून दिलं: परवानगी एका दिवसाची, रस्त्यात कट्यार म्यानात आणि फक्त अर्जदाराच्या हातात. अर्जदार म्हणजे मी!

वन्सं, मी मिरवणुकीत जाणारच नव्हते. विधवेने नवरदेवापुढे चालू नये, असं कोणी म्हटलं नव्हतं, माझं मीच ठरवलं होतं. घरी येऊन म्हटलं, कट्यार राहू दे. शार्दूल म्हणाला, मग मीही राहतो, कस्तुरीला तूच फोन करून सांग की लग्न आईने मोडलं.

तुमची माया पाठीशी होती, तशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी मी कट्यार दोन्ही हातांत धरून शार्दूलच्या पुढे चालले.
— मुक्ता