ओकॉनेल रस्त्यानं नवरी न्यायची

डब्लिन, २ मे २००५

चि. फिंटनला अॅट्रॅक्टाचे अनेक आशीर्वाद.

मी लग्न करतेय. हसून घे. नवरा मॅलकी, बसवरचा जुना कंडक्टर. दात स्वतःचे आहेत, बडबड कमी. अकरा जूनला लग्न, चर्च नदीपलीकडं. गाडीबिडी नको. आख्खा ओकॉनेल रस्ता चालत जाणार, तुझा हात धरून. बाबा नाहीत, नवरीला न्यायचं काम भावाचं. कॉव्हेंट्रीत जन्म काढलास, पुरे झालं. तिकीट काढ.

लोभ ठेव नि सुटाला इस्त्री कर.

तुझी ताई

कॉव्हेंट्री, ९ मे

ती. ताईला सा. न. वि. वि.

मी सांगतोय, शेजारीण लिहितेय. मॅलकीची कीव येते म्हणून कळव. पण मी येत नाही. डोळे गेले, ताई. हिवाळ्यातच गेले. नवरीला मी नेणार की नवरी मला? लोक हसतील. शिवाय माझ्या डोक्यातला रस्ता त्या इंग्रज दर्यासारंग नेल्सनच्या खांबाचा. मी डब्लिन सोडल्यावर तो बॉम्बनं उडवला, आता तिथं पोलादी सुई उभी केलीय म्हणे. मला तिथं काय उमजणार?

राग नसावा, लोभ असावा.

फिंटन

डब्लिन, १४ मे

चि. फिंटन, आशीर्वाद मागाहून.

गाढवा, हिवाळ्यापासून गप्प बसलास? लोक नवरीला बघतील, तुला कोण बघतंय! सुई काय, हात लावला की गार लागते, संपलं. कामगारांचा पुढारी लार्किन आता पुतळा होऊन उभाय, बस चुकल्यासारखे दोन्ही हात वर. ओकॉनेलच्या पुतळ्याच्या पायाशी पंखवाल्या बायका आहेत तशाच, सोळा सालच्या बंडातल्या गोळ्यांच्या भोकांसकट. बाबांनी उचललं की तू बोट घालायचास. ये नि घाल.

तू नाही तर लग्न नाही. मॅलकीला सांगून टाकलंय. बिचारा जेवेना झालाय.

आता लोभबिभ आल्यावर.

ताई

डब्लिन, १५ जून

ती. ताईला सा. न. वि. वि.

मधुचंद्राला गॉलवेची हवा मानवली ना? मॅलकीची बहीण लिहून देतेय. लग्नात तू मला बरोबर ओढलंस, लोकांना वाटलं मीच नेतोय. काल मात्र काठी घेऊन एकटाच गेलो. टपाल कचेरीपाशी उभा होतो, तर एका आजीबाईंनी हाउथला जाणारी बस कुठं थांबते ते विचारलं. पटकन म्हणालो, खांबाच्या पुढं, डावीकडं. मग जीभ चावली. खांब आहे कुठं! तर बाई म्हणाली, हां, म्हणजे ते टोप्यांचं दुकान होतं तिथं. ते तर मी इंग्लंडला गेलो तेव्हाच बंद पडलेलं! आणि निघालीच की सरळ. मागून दुसरा एक जण तिला थांबवून म्हणाला, नाही हो, जळलेल्या हॉटेलापाशी. तिघं भांडलो, ताई, तासभर. एकालाही माझे डोळे आठवले नाहीत.

परतीचं तिकीट रद्द केलं. तुमच्या मागल्या खोलीतलं शिलाई मशीन हलवा. मॅलकीला म्हणावं, आहेरात मेहुणा आलाय, परत करता येत नाही.

लोभ आहेच, आता टपालखर्च वाचला.

तुझा फिंटन