मंडपातला एक जुना खांब

बाबा, कानावर पेन्सिल खोचून घरभर पेन्सिल हुडकणारा माणूस तू, मले ओळखशील का याचीच शंका आहे. मी तुझी थोरली. आता तुझ्यापेक्षाही म्हातारी झाली, दातही तुझ्याहून कमी उरले, तेव्हा तोंड पाहून ओळखायची आशा सोड. लिहिता मले अजूनही येत नाही. मी बोलून राहिली आणि नात मोबाईलात लिहून राहिली. ती मिहानमधल्या कंपनीत कामाले जाते, सुट्टीच्या दिवशी तेवढी माझ्या तावडीत सापडते.

सांगायचं हे, की आपल्या महाल भागातल्या त्या मंदिरात मी गेली होती. तू उभ्या केलेल्या सभामंडपात. तू जिवंत होता तोवर त्या रस्त्यानं गेला नाही, आम्हालेही मागच्या गल्लीतून फिरवून नेलं. काहून, ते आम्ही पोरं जाणून होतो. मंडप पुरा झाल्यावर पंगत बसली होती, आणि मंदिराच्या कारभाऱ्यानं भरल्या पंगतीत म्हटलं, "सुतारानं देवाले जुनं लाकूड खपवलं. तो कोपऱ्यातला खांब पाहा, रंगच वेगळा." तू पानावरून उठला नाही. भात कालवला, खाल्ला, हात धुतला. मी तुझ्या शेजारी होती, तुझं तोंड पाहून राहिली होती, आता बोलेल, मग बोलेल. त्यानंतर देवळाचं काम तुले कोणी दिलं नाही, आणि गेला तेव्हाही तुझ्यामागं लोकांच्या तोंडी तेच राहिलं.

आता तो मंडप दुरुस्तीले काढला. लाकूड कोणत्या काळचं ते तपासाले एक पोट्टी आली, शिकलेली, पायात जोडे नाहीत आणि केसांत भुसा. तिनं निरोप धाडला, सुताराच्या घरचं कोणी असेल तर भेटायचं आहे. शेअर ऑटोत बसून गेली मी. ती बारीक पोकळ गिरमिट खांबात फिरवते आणि आतून उदबत्तीएवढी लाकडाची काडी काढते. भोक लगेच बुजवते, तुले आवडली असती.

"आजी, झाड दर वर्षी अंगावर एक कडी चढवतं," तिनं काडी माझ्या डोळ्याशी धरली. "पाऊस चांगला झाला तर रुंद, दुष्काळ पडला तर बारीक. एका जंगलातल्या सगळ्या सागांच्या अंगावर तेच दुष्काळ असतात. ते एकमेकांशी जुळवत मागं जायचं."

"म्हणजे झाडाची कुंडली."

"कुंडली पुढचं सांगते आजी. हे मागचं."

"मग बरं आहे वं तुझं. चुकलं तरी कोणाचं लग्न मोडत नाही."

हसली. मग तुझी शिकायत केली तिनं. कडेचं पांढरं लाकूड तू वाकसानं पार तासून टाकलं, शेवटच्या कड्या त्याच्यातच गेल्या, म्हणून झाड नेमकं कधी तोडलं ते सांगता येत नाही, अंदाज सांगता येतो. मी म्हटलं, पांढऱ्यात वाळवी शिरते, देवाच्या खांबात ते कोण ठेवेल? तर म्हणे, "हो, सफाईदार सुतार आमचं नुकसानच करतात."

अंदाज असा निघाला, की बाकी सगळे खांब तुझ्या काळातले, लकडगंजातल्या वखारीतून आलेले असतील तसे. कोपऱ्यातला एक मात्र फार जुना. ते झाड तू जन्मायच्याही कितीतरी आधी पडलं होतं. त्या जुन्या कारभाऱ्याचा नातू आता तिथं कारभारी आहे. तो म्हणाला, "आजोबा म्हणत ते खरं निघालं म्हणायचं." वाईट बोलला नाही तो, सहज बोलला. पण बाबा, मले पुन्हा त्या पंगतीत बसल्यासारखं झालं. गिरमिट फिरलं, शिकलेली पोट्टी आली, आणि तरी तू खोटाच.

उठली आणि त्या खांबाजवळ गेली. बाकीच्यांखाली हातभर दगड, याच्याखाली कमरेएवढा. मूळचा खांब आखूड होता, म्हणून दगड उंच घेतला. मंडपासाठी आखूड खांब कोण विकत आणते? मी त्याच्या मागं भिंतीकडच्या फटीत हात घातला. रंगाच्या थरांखाली बोट आडव्या खाचेत गेलं. गुळगुळीत, दोरीएवढी.

आणि डोळ्यासमोर आपलं घर आलं: माय सैपाकघरात पाट टाकून बसली आहे. रवीची दोरी खांबाले बांधली आहे, ती ओढते, सोडते, मी लोण्याची वाट पाहून राहिली आहे. तोच तो खांब, तुझ्या आज्यानं घर बांधलं तेव्हाचा. मग एक दिवस मी मामाकडून आली तर तिथं बांबूचा टेकू. तू म्हटलं, वाळवी लागली होती, काढून टाकला. माय काही दिवस तुझ्याशी बोलली नाही आणि दाराच्या चौकटीले दोरी बांधून ताक घुसळाले लागली. मी जन्मभर वाळवीच धरून चालली.

रामनवमी तोंडावर होती, तोवर मंडप पुरा करायचा होता आणि त्याचा एक खांब उभा चिरला होता, हे मले आठवते. ओलं लाकूड तू लावणार नाही, ते पिळते. घरात सगळ्यात वाळलेलं, पक्कं लाकूड एकच होतं.

मी कारभाऱ्याचं बोट धरून खाचेत ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यानं खाचेतून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "आजी, त्यांनी तेव्हाच सांगितलं काहून नाही?" देवाले दिलेलं बोलून दाखवायचं नाही, असं तुले वाटलं असेल. नाहीतर लोक पाहाले घरी आले असते आणि बांबूखाली बसलेली माय त्यांना दिसली असती. पोट्टीनं आपल्या रिपोर्टात लिहून घेतलं: हा खांब सुताराच्या घरातला, असं त्याची मुलगी सांगते. कारभाऱ्यानं आरतीनंतर ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तुझं नाव घेतलं. मी तिथंच होती.

पण राग आहे माझा, तोही ऐक. देवाले खांब दिला आणि मायले बांबू. तिले विचारलं होतं का तू?

नात म्हणते, पत्ता सांग. म्हटलं, राहू दे मोबाईलातच. एक मात्र तुलेच सांगते: त्या दिवशी देवाले नमस्कार करायचा राहूनच गेला, मी खांबाच्याच पाया पडून आली. आणि माय तिथं तुझ्याशी बोलत असेल तर तिले म्हण, तिचा तो बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात धाड. वरचं गरम तेल वेगळं दे, त्यात भिवापुरी मिरची तळून. डॉक्टरनं तिखट बंद केलं आहे. तरी धाड.