चांदीजवळचा प्रकाश

कोपरखैरणे, ४ मार्च १९९७

ती. गीताताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पापड पोचले, एकही मोडला नाही. पण आज लिहितेय ते वेगळ्याच कारणाने.

माझं पीएचडीचं काम तुला ठाऊक आहे. चांदीजवळ ठेवलेल्या रेणूचा उजेड किती बदलतो, ते संगणकावर मांडून बघायचं. रेणू फार जवळ गेला की उजेड मंदावायला हवा, कारण चांदी तो गिळते. माझ्या आकड्यांत मात्र तो वाढतच गेला. माझे मार्गदर्शक वामनसर हरखले. ३१ला ते निवृत्त होताहेत, त्यांचा हा शेवटचा निबंध. तो छापायलाही पाठवला आणि त्यांच्या गावात, तळवलीत, घरोघरी पेढे वाटले.

रविवारी मला चूक सापडली. संगणकाचा वेळ मोजकाच मिळतो, म्हणून चाचणीपुरती मी चांदी म्हणजे काहीच न गिळणारा आरसा धरली होती. ती ओळ बदलायची राहून गेली. अजून कुणालाच माहीत नाही. सरांना कोणत्या तोंडाने सांगू?

लोभ आहेच, थोडा धीरही पाठव.
तुझी सुनीती

सांगली, ११ मार्च

चि. सुनीतीस अनेक आशीर्वाद.

त्रेचाळिशीत विद्यार्थिनी झालीस, आता रडतेसही तशीच! हे म्हणतात, असली मासिकं जगात दहा माणसं वाचत असतील. त्या भल्या माणसाला सुखाने निवृत्त होऊ दे, गप्प बस, असं माझं मत. तू ऐकणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे. निदान उभ्या उभ्या सांगू नकोस. घरी जा, नीट बसून सांग.

माझ्यावर रागावू नकोस, एवढी माया ठेव.
तुझी ताई

कोपरखैरणे, १ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

तळवलीला जाऊन आले. सरांच्या पत्नी सुमित्राबाईंनी घावने पुढे केले, आदी खा गो बाय, मंग बोल, म्हणाल्या.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. खरी चांदी धरून पुन्हा आकडे काढलेस का, एवढंच विचारलं. काढले होते. उजेड विझतो. मग ते म्हणाले, की पहिल्याच दिवशी त्यांना खटकलं होतं. पण जाता जाता हातून काही नवं व्हावं असं फार वाटत होतं, म्हणून त्यांनी मला विचारलंच नाही. निबंध मागे घेण्याचं पत्र त्यांनीच लिहिलं आणि चूक दोघांची असं त्यात लिहून टाकलं. चूक माझी एकटीची असं मी म्हणाले, तर गुमान सही कर म्हणून दटावलं.

काल निरोपसमारंभात त्यांचे बत्तीस निबंध असल्याचं वाचून दाखवलं. टाळ्या थांबल्यावर सर उठले आणि एकतीस म्हणाले. सगळे हसले, त्यांना तो विनय वाटला. सर हसले नाहीत. मीही नाही.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
सुनीती