बारा नेटवर्क कार्डं आणि पांढरा ऑइलपेंट

सोम. १५ नोव्हें. ९९
दिवाळीची सुट्टी संपली. लॅबमध्ये बारा मशीन, बाराही चालू, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. केबल तपासल्या, हब तपासला. लिनक्सला नेटवर्क कार्ड दिसतच नाही. पुढच्या गुरुवारी, २५ला, तपासणी समिती. तोवर लॅब 'नेटवर्कसहित' पाहिजे.
एचओडी सबनीस सर दारातूनच म्हणाले, "लिनक्सचा हट्ट तुमचा होता, मॅडम. आम्ही फक्त हो म्हणालो."
माझी ऑर्डर हंगामी, डिसेंबरअखेरपर्यंत. जागा राखीव. तीनदा जाहिरात, तीनदा मुलाखती, तीनदा 'योग्य उमेदवार मिळाला नाही'. चौथ्यांदा मी मिळाले. समिती गेली की स. सर माझ्या फाइलवर शेरा लिहिणार. कायम की घरी, ते त्या एका ओळीवर.

मंगळ. १६
कार्डाच्या खोक्यावर छापलंय की नेहमीचा ड्रायव्हर चालतो. चालत नाही. मशीन जुनी, कार्डंही जुन्या पद्धतीची. कार्ड आपण होऊन नाव सांगत नाही. कुठला ड्रायव्हर, कुठला पत्ता, कुठला इंटरप्ट, म्हणजे कार्डाने कुठल्या लाइनवरून हाक मारायची, सगळं आपण लिनक्सला सांगायचं. पत्ता ३०० सांगितला. उत्तर: डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी. ३२०, परत बिझी. ३४०ला मशीनच गोठलं. बटण दाबून बंद, परत चालू, मग डिस्क तपासत बसतं. दिवसभरात अकरा वेळा.
बिझी म्हणे. या इमारतीत बिझी असलेलं एकमेव माणूस त्या स्क्रीनसमोर बसलं होतं.

बुध. १७
इंटरप्ट ५ वर साउंड कार्ड बसलंय. या कॉलेजात आवाज कुणाला ऐकायचा होता कोण जाणे. काढलं. फरक शून्य.
खोक्यातली फ्लॉपी विंडोजची. लिनक्ससाठी एक ओळ: 'सपोर्टेड'. बस, तेवढीच.
एकेक ड्रायव्हर लावून बघत बसले तर पन्नासेक ड्रायव्हर, प्रत्येकाचे चार-पाच पत्ते, आणि चुकलं की मशीन गोठणार. हा धंदा बंद. उद्या कार्ड बाहेर काढून चिपवरचा नंबर वाचायचा. चिपचा नंबर कळला की ड्रायव्हर कळला. आधीच सुचायला हवं होतं.

गुरु. १८
कार्ड काढलं.
चिपवर पांढऱ्या ऑइलपेंटने, बारीक ब्रशने, अतिशय सुबक अक्षरात: डे.स्टॉ. ११९.
दुसरं काढलं. १२०. बाराच्या बारा. १११ ते १२२. चिपचा छापील नंबर त्याच्याखाली.
स्टोअरकीपर लोणकरांकडे गेले. डेडस्टॉक रजिस्टर त्यांच्या ताब्यात. इथे खुर्ची, पंखा, डस्टर, जे जे टिकाऊ त्यावर लोणकर नंबर घालतात.
"अहो, चिपवर कशाला घातलात?"
"कार्डावर दुसरीकडे सपाट जागा आहे का? दाखवा."
नव्हती, खरंच.
"रंगाचे दोन हात दिलेत," म्हणाले. "पुसायचा नाही."
अभिमान आहे त्यांना. मला रागसुद्धा नीट येईना.

शुक्र. १९
लोणकर: डेडस्टॉक नंबर खरवडायचा तर लेखी परवानगी, एचओडींच्या सहीने. अर्ज लिहिला. 'विषय: नेटवर्क कार्डावरील अनुक्रमांकाचा रंग काढण्याबाबत.' एम.एस्सी. करून हे लिहितेय.
स. सरांनी अर्ज वाचला, पेपरवेटखाली ठेवला. "बघू. नियमात बसवून घेऊ."

शनि. २०
अर्धा दिवस. बुधवार पेठेत गेले, कार्डं जिथून आली त्या दुकानात. न रंगवलेलं एक कार्ड बघायचं, चिपचा नंबर टिपायचा, संपला विषय.
दुकानदाराने दोन खोकी काढली. खोकी अगदी आमच्यासारखी. एकात एक चिप, दुसऱ्यात वेगळीच.
"खोकं तेच, मग आत वेगळं कसं?"
"खोकं तेच असतं हो ताई. आत जे येईल ते." वर विचारतो, "बिल आहे का?" जणू मी बदलून मागत होते.
म्हणजे आमच्या बारात काय काय आहे ते फक्त रंगाखालीच कळणार. पायीच मंडईपर्यंत गेले, आईसाठी मटार घेतला. भाजीवालीने चार शेंगा सोलून दाखवल्या. आठवड्यात पहिल्यांदाच कुणीतरी आतला माल न विचारता दाखवला.

रवि. २१
मटार सोलताना बाबांना सगळं सांगितलं. बाबांची तीस वर्षं फॅक्टरीच्या पेंटशॉपमध्ये गेली. मला वाटलं, थिनरने होईल.
"थिनर लावू नको. वरचा नंबर जाईल, खालचा छापही जाईल. खाली प्रायमर मारलाय का?"
चिपला प्रायमर कोण मारणार.
"मग चांगलंय. कडेने नख घाल. पापुद्रा निघेल."
आईने नातेवाइकांत सांगून टाकलंय की सुजाता जानेवारीत परमनंट होणार. मावशीने साडी घेऊन ठेवलीय. भीती वाटते, ती इथे लिहून ठेवते.

सोम. २२
अर्ज परत आला. शेरा: 'चर्चा करावी.' चर्चेला गेले. स. सर मीटिंगमध्ये. दुपारी परत गेले. स. सर समितीच्या जेवणाचा मेनू ठरवत होते. "अर्जाचं काय?" "कुठला अर्ज?"
उद्या गुरुनानक जयंती, सुट्टी. म्हणजे उरला एकटा बुधवार.
वीट आला. लिनक्सचा नाही. ते निदान 'बिझी' तरी सांगतं.

बुध. २४
सकाळी दहाला स. सर रजेवर असल्याचं कळलं. अर्धी रजा. समितीच्या आदल्या दिवशी.
सव्वादहाला ११९ला नख घातलं.
बाबांचं बरोबर होतं, आख्खा पापुद्रा निघाला. खाली चिपचा नंबर, स्वच्छ. खोक्यावर लिहिलेल्या जातीचा नव्हेच. त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून पडून होता, नऊ दिवस. लावला. एक ओळ आली, कार्डाचा पत्ता दाखवणारी. बिझी नाही, काही नाही.
तोच ड्रायव्हर बाकीच्यांना. आठ चालली, तीन नाहीत. त्या तिघांच्या आत दुकानातल्यासारखंच काहीतरी वेगळं. एक खरवडला काय नि चार खरवडले काय. १११, ११४, १२२. तिन्हींची चिप एकच निघाली, आणि तिचाही ड्रायव्हर लिनक्समध्ये होताच.
पावणेपाचला बाराही मशीन एकमेकांना उत्तर देत होती. लॅबमध्ये मी एकटीच. मोठ्याने हसले. आनंद झाला, खूप झाला. नख तुटलं.

गुरु. २५
सकाळी समितीच्या आधी लोणकर रजिस्टर घेऊन आले, ताळा करायला. कॅबिनेटची झाकणं मी लावत होते.
"मॅडम, ११९ कुठाय?"
"हे काय. कार्ड आहे, नंबर नाही."
"नंबर नाही म्हणजे कार्ड नाही." चार ठिकाणी लाल पेनने खूण केली. आवाज चढवला नाही.
साडेअकराला समिती. सात मिनिटं. एकाने पडद्याचं कापड चिमटीत धरून बघितलं. एकाने विचारलं, "सगळं जोडलेलं आहे?" मी पुढे होऊन मशीन एकवरून बारावर फाइल पाठवून दाखवणार, तेवढ्यात स. सर म्हणाले, "हो हो, पूर्ण नेटवर्क. विभागाने स्वतः केलंय. लिनक्स, सर. आमचा आग्रहच होता."
मग सगळे जेवायला गेले. मी फाइल तरीही पाठवली. पोचली.

शुक्र. २६
समितीचा अहवाल 'समाधानकारक' असल्याची कुजबुज. माझ्या टेबलावर मेमो.
'डेडस्टॉक क्र. १११, ११४, ११९ व १२२ हे आपण विनापरवानगी नष्ट केल्याचे निदर्शनास आले आहे. तरी दोन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. खुलाशाअभावी आपले काम समाधानकारक नसल्याचे समजण्यात येईल.' खाली स. सरांची सही. अर्जावर आठवडाभर न झालेली सही मेमोवर एका सकाळीत झाली.
केबिनमध्ये गेले. स. सर म्हणाले, "फॉर्मॅलिटी आहे हो. चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढं लिहून द्या. मग शेऱ्याचं बघू."
म्हणजे माझ्याच हातची कबुली माझ्याच फाइलला. नंतर कुणीही उघडावी आणि म्हणावं, योग्य उमेदवार नाही. किळस आली. तरी मी "बरं" म्हणाले. का म्हणाले?

शनि. २७
खुलासा लिहिला. अर्जाची तारीख, 'चर्चा करावी', रजा, बुधवार, चार कार्डं, बारा मशीन चालू. शेवटी: 'झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.'
बाबांना वाचायला दिला. बाबा साहेबांशी कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत, रिटायर होईपर्यंत. चष्मा लावून दोनदा वाचलं.
"हे शेवटचं काढ."
"बाबा, शेरा त्यांच्या हातात आहे. जानेवारीत—"
"माहीत आहे मला. काढ."
फेअर कॉपी केली, त्या ओळीशिवाय. सोमवारी देते.